पाण्यावरचे घर

२७ जून १८९८. मध्यरात्र उलटून गेलेली. अमेरिकेतल्या न्यूपोर्ट बंदरात एक लहानसे शिडाचे गलबत खडकांना अगदी घासून आत शिरत होते. अमेरिका आणि स्पेन यांचे युद्ध त्या वेळी ऐन भरात होते आणि बंदराच्या तोंडाशी पाण्यात सुरुंग पेरलेले होते. शत्रूची मोठी जहाजे जेथून येतील तेथे सुरुंग असणार, खडकाच्या कडेला कोण कशाला पेरील, असा साधा हिशेब करून हे गलबत कड धरून आले. पहाऱ्यावरच्या जहाजाने हटकले, तेव्हा आतून नाव सांगितले गेले : 'स्प्रे'. आत माणूस एकच. वय ५४. पृथ्वीभोवती ४६ हजार मैलांची फेरी पुरी करून तो परत आला होता. त्यासाठी त्याला ३ वर्षे २ महिने आणि वर २ दिवस लागले होते. एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो पहिला माणूस. नाव जोशुआ स्लोकम.

युद्धाच्या बातम्यांच्या गर्दीत त्याच्या परतीची फारशी कोणी दखल घेतली नाही. पुढे मात्र त्याचे नाव जगभर झाले आणि आजही शिडाच्या बोटीतून लांब पल्ल्यावर निघणारा प्रत्येक माणूस त्याला गुरुस्थानी मानतो. हा विक्रम मोठाच आहे. पण स्लोकमचे चरित्र वाचताना मला कायम कुतूहल वाटत आले ते दुसऱ्याच गोष्टीचे. हा माणूस समुद्रावर नुसता प्रवास करीत नव्हता. तो तेथे राहत होता. त्याचे लग्न, त्याची मुले, त्याची पुस्तके, त्याचा चहा-कॉफी, त्याचे दुःख, सारे पाण्यावरच.

आपल्या कोकणात दर्यावर जाणारा माणूस घर मागे ठेवून जातो. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहायचा, मचवा पाण्यात ढकलायचा आणि घरच्या बाईने किनाऱ्यावर उभे राहून शीड दिसेनासे होईपर्यंत पाहायचे, ही आपली रीत. मालवण-वेंगुर्ल्याकडे मी तांडेलांची घरे पाहिली आहेत. दर्यावर्दी बापाच्या वाट्याला आलेले घर हे दोन फेऱ्यांमधल्या मुक्कामापुरतेच असते. स्लोकमने हे सगळे उलटे केले. त्याने घरच उचलून जहाजावर ठेवले. त्याची किंमत काय पडली, ती कोणी मोजली, हा या गोष्टीतला खरा प्रश्न आहे.

मोडलेले खेळण्यातले जहाज

स्लोकमचा जन्म २० फेब्रुवारी १८४४ चा, कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांतातला. अकरा भावंडांतला तो पाचवा. समोर फंडीचे आखात. जगातली सर्वांत मोठी भरती-ओहोटी येथे होते. ओहोटीला बंदरातल्या बोटी चिखलात बसलेल्या दिसतात आणि काही तासांत त्यांच्याखाली चार-पाच पुरुष पाणी चढलेले असते. बाप आधी शेतकरी होता. शेती परवडेना म्हणून तो कुटुंब घेऊन ब्रायर आयलंड नावाच्या बेटावर आला आणि कोळ्यांसाठी चामड्याचे बूट शिवू लागला. जोशुआची शाळा सुटली आणि त्याला बापाच्या दुकानात बसवण्यात आले. आईचे माहेर त्याच बेटावरचे. आईचे वडील तेथल्या दीपगृहाचे रखवालदार होते.

बाप करडा, धर्मभीरू आणि हाताचा जड. पोराने तळघरात लपूनछपून एका जहाजाची लहानशी प्रतिकृती तयार केली होती. ती पुरी होत आली असताना बापाच्या दृष्टीस पडली आणि त्याने ती फोडून टाकली. चौदाव्या वर्षी जोशुआ घरातून पळाला आणि एका मासेमारी गलबतावर स्वयंपाकी म्हणून राहिला. परत आला, पण १८६० मध्ये आई वारली आणि घराशी बांधणारा शेवटचा दोर तुटला. सोळाव्या वर्षी तो खलाशी होऊन आयर्लंडला निघाला, तो कायमचा.

तिसरीपर्यंत शिकलेल्या या मुलाने जहाजावरच पुस्तके मिळवून नौकानयनाचा अभ्यास केला. अठराव्या वर्षी तो परीक्षा देऊन अधिकारी झाला आणि पंचविसाव्या वर्षी त्याच्या हाती स्वतःच्या हुकमतीचे पहिले गलबत आले. इतके आयुष्य पाण्यावर काढलेल्या या माणसाला पोहता मात्र येत नव्हते.

तेरा वर्षांचा संसार

१८७० च्या अखेरीस 'वॉशिंग्टन' नावाच्या जहाजाचा कप्तान म्हणून तो सिडनीला आला. तेथे व्हर्जिनिया वॉकर ही २१ वर्षांची मुलगी त्याला भेटली. जन्माने अमेरिकन, वाढलेली ऑस्ट्रेलियात. घोड्यावर रपेट करणारी, हिंडण्याफिरण्याची हौस असलेली. ओळख होऊन काही आठवडेच झाले होते आणि ३१ जानेवारी १८७१ रोजी दोघांचे लग्न झाले. नवरी सासरी गेली ती थेट जहाजावर. मधुचंद्राची सफर कोठली, तर अलास्काची. तीही रावस मासळीसारख्या सामन माशांच्या मोहिमेसाठी! तेथे वादळात नांगर सुटला आणि 'वॉशिंग्टन' किनाऱ्यावर फुटले. माणसे वाचली आणि पकडलेली मासळीही त्याने सुखरूप बाजारात पोचवली.

पुढची तेरा वर्षे हा संसार एका जहाजावरून दुसऱ्या जहाजावर हलत राहिला. थोरला मुलगा व्हिक्टर सॅन फ्रान्सिस्को बंदरात, जहाजावरच जन्मला. पुढची मुले कोणी ऑस्ट्रेलियात, कोणी फिलिपाइन्सकडे, धाकटा गारफील्ड हाँगकाँगला. व्हर्जिनियाला एकंदर सात मुले झाली, त्यांतली तीन तान्हेपणीच गेली. जन्मदाखल्यावर गावाच्या जागी जहाजाचे नाव लिहावे अशी ही मुले. त्यांची शाळा म्हणजे आई. ठरलेल्या वेळी केबिनमध्ये धडे होत. वाचन, गणित आणि भूगोल. भूगोल तर खिडकीबाहेरच असे. कप्तानाच्या केबिनमध्ये पुस्तकांचा मोठा संग्रह होता. बापाला शाळेने जे दिले नाही, ते त्याने जहाजावर जमवले होते.

फिलिपाइन्समध्ये स्लोकमने एका आगबोटीचा सांगाडा बांधून दिला. त्या मोबदल्यात त्याला ९० टनांचे एक अर्धवट गलबत मिळाले, 'पातो'. त्यावर तो ओखोट्स्कच्या समुद्रात कॉड पकडायला गेला. बायको आणि लहान मुले बरोबर. या चित्रातल्या बाईचा विचार माझ्या मनातून जात नाही. उत्तरेची बोचरी थंडी, ओल्या कपड्यांचा वास, मांडीवर मूल आणि चुलीवरचे भांडे कलंडू नये म्हणून एक हात सतत अडकलेला. स्लोकमच्या पराक्रमाच्या कथांत याला जागा नाही. पण हे कोणी तरी निभावले म्हणूनच त्या कथा घडल्या.

१८८१ मध्ये तो 'नॉर्दर्न लाइट' या भव्य शिडाच्या जहाजाचा भागीदार आणि कप्तान झाला. हा त्याच्या भाग्याचा कळस. आणि येथूनच उतरण लागली. जहाजावर खलाशांचे बंड झाले. त्या प्रसंगी व्हर्जिनिया पिस्तूल हातात घेऊन नवऱ्याच्या पाठीशी उभी राहिली. १८८३ मध्ये सुंदा सामुद्रधुनीतून जाताना क्राकाटोआचा ज्वालामुखी महास्फोटाच्या उंबरठ्यावर होता आणि समुद्रावर तरंगत्या दगडांचा थर पसरला होता. त्याच सफरीत एका अधिकाऱ्याला बेड्या घालून कित्येक दिवस कोंडून ठेवल्याबद्दल न्यूयॉर्कमध्ये स्लोकमवर खटला झाला आणि त्याला दंड भरावा लागला. शिडाच्या जहाजांवरची शिस्त क्रूर असे आणि स्लोकम त्या शिस्तीतलाच कप्तान होता. त्याला नंतर लोकांनी प्रेमळ, विनोदी म्हातारा म्हणून ओळखले. तेही खोटे नाही आणि हेही खोटे नाही.

मोठे जहाज गेले आणि त्याने 'अक्विडनेक' हे लहान पण देखणे जहाज घेतले. १८८४ च्या जुलैत ते ब्युनोस आयर्सच्या नदीत नांगरलेले होते. व्हर्जिनियाची प्रकृती बिघडलेली होती. स्लोकम कामासाठी किनाऱ्यावर गेला होता. गरज पडली तर एक ठरावीक निशाण चढवायचे, असे नवराबायकोत ठरले होते. त्या दिवशी निशाण चढले. तो धावत परतला. २५ जुलैच्या रात्री व्हर्जिनिया गेली; वय अवघे ३४. त्यानंतर थोड्याच दिवसांत या मुरब्बी कप्तानाने आपले जहाज वाळूवर चढवले. आई गेल्यावर बाप पूर्वीचा राहिला नाही, हे त्याच्या मुलांनी पुढे सांगून ठेवले आहे. मला वाटते, पुढच्या साऱ्या एकलेपणाचे मूळ त्या निशाणात आहे.

'लिबरदादे'

दोन वर्षांनी, १८८६ मध्ये, स्लोकमने हेन्रिएटा ऊर्फ हेटी या आपल्या नात्यातल्या २४ वर्षांच्या तरुणीशी लग्न केले. तो ४२ चा. नव्या नवरीचीही पहिली सफर 'अक्विडनेक'वरच. या सफरीत नशिबाने तिला काही दाखवायचे शिल्लक ठेवले नाही. कॉलऱ्याच्या भीतीने बंदराने जहाज आत घेतले नाही, मग खलाशांनी हल्ला केला. स्लोकमने गोळ्या झाडल्या, त्यात एक मेला. कोर्टाने स्लोकमला निर्दोष सोडले. त्यानंतर जहाजावर देवी आल्या आणि नवे खलाशी दगावले. अखेर १८८७ संपता संपता ब्राझीलमधल्या परानाग्वा उपसागरात जहाज वाळूवर चढून मोडले. विमा नव्हता. हाती पैसा नव्हता. परक्या देशाच्या किनाऱ्यावर नवरा, बायको, सोळा वर्षांचा व्हिक्टर आणि सात वर्षांचा गारफील्ड.

दुसरा कोणी असता तर वकिलातीच्या दारात जाऊन बसला असता. स्लोकमने बोट बांधायला घेतली. मोडलेल्या जहाजातून जे वाचले ते सामान, जंगलातले लाकूड, आणि खिळ्यांखाली घालायला चकत्या नव्हत्या म्हणून तांब्याची नाणी ठोकून भोके पाडलेली. लांबी ३५ फूट. शिडे चिनी सांपानच्या पद्धतीची, बांबूच्या पट्ट्यांची. ती शिवली हेटीने. १३ मे १८८८ रोजी बोट पाण्यात उतरली. त्याच दिवशी ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, म्हणून बोटीचे नाव 'लिबरदादे' म्हणजे स्वातंत्र्य.

या बोटीतून हे चौघे सुमारे साडेपाच हजार मैल किनाऱ्याकिनाऱ्याने घरी आले. सांतोस, रिओ, बाहिया, पर्नांबुको, मग वेस्ट इंडीजची बेटे आणि शेवटी अमेरिकेचा किनारा. हे लिहायला सोपे आहे. भर समुद्रापेक्षा किनारा अधिक धोक्याचा, हे आपल्याकडचा कोणताही तांडेल सांगेल. खोल पाण्यात वादळ आले तर शिडे उतरवून वाहत जाता येते, आदळायला काही नसते. किनाऱ्याजवळ वारा जमिनीकडे वाहू लागला की वाहत जायला जागाच उरत नाही. शिवाय वाळूचे दांडे, खडक, प्रवाह आणि नद्यांच्या मुखाशी फुटणाऱ्या लाटा. सांतोसहून रिओपर्यंत एका आगबोटीने 'लिबरदादे'ला ओढून नेले. आगबोटीचा वेग त्या चिमुकल्या बोटीला फाडून टाकील असा होता. बाप सुकाण्यावर आणि व्हिक्टर कुऱ्हाड घेऊन नाळेवर, बोट बुडू लागलीच तर दोर तोडायला. हेटी आणि धाकटा मुलगा आत.

२७ डिसेंबर १८८८ रोजी ते वॉशिंग्टनला पोचले. वर्तमानपत्रांतून कौतुक झाले. हेटीने मात्र किनाऱ्यावर पाय ठेवला आणि नवऱ्याबरोबर पुन्हा समुद्रावर राहायला ती गेली नाही. पुढे 'स्प्रे'च्या वेळी तिला विचारले गेले, तेव्हाही तिने आपल्याला एक सफर पुरे झाली असे सुचवले. मी तिला दोष देऊ शकत नाही. दर्याचे वेड एकाचे असते आणि हेलकावे साऱ्या घराला बसतात.

गवतातली बोट

आता स्लोकम पन्नाशीला आला होता आणि त्याचा धंदाच संपत आला होता. १८६९ मध्ये सुएझ कालवा सुरू झाल्यापासून आगबोटींनी शिडाच्या जहाजांचा माल ओढून घ्यायला सुरुवात केली होती. मोठमोठे शिडाचे कप्तान गोदीत हातोडा घेऊन मजुरी करीत होते. गिरण्या बंद पडल्यावर पन्नाशीतल्या कामगाराचे काय होते हे मुंबईने पाहिले आहे. हातातले कसब खरे असते, पण ते विकत घेणारा उरत नाही.

१८९२ च्या हिवाळ्यात एबेन पीअर्स नावाच्या एका निवृत्त देवमासा-शिकाऱ्याने स्लोकमला एक जहाज देऊ केले. थोडी डागडुजी लागेल, इतकेच म्हणाला. स्लोकम फेअरहेवनला जाऊन पाहतो तो एका कुरणात कापडाखाली झाकलेला एक जुनापुराणा सांगाडा. एके काळी कालवे गोळा करणारी ती बोट सात वर्षे तेथे पडून होती. म्हाताऱ्याने चेष्टाच केली होती. स्लोकमने ती मनावर घेतली. जवळपासचे ओकचे झाड तोडून तळाचा कणा घडवला. फळ्या वाफेवर मऊ करून वाकवल्या. एकेक जुने लाकूड काढून नवे बसवले. तेरा महिने लागले आणि सामानाला खर्च आला ५५३ डॉलर ६२ सेंट. सारी लाकडे बदलल्यावर ती जुनी बोट म्हणायची की नवी, हा वाद गावात झाला. स्लोकमने नाव जुनेच ठेवले, 'स्प्रे'. लांबी ३६ फूट ९ इंच, रुंदी १४ फूट २ इंच.

२४ एप्रिल १८९५ रोजी तो बोस्टनहून निघाला. वाटेत बालपणीच्या ब्रायर आयलंडला थांबला. त्याच्याजवळचा जहाजी घड्याळाचा दुरुस्ती-खर्च पंधरा डॉलर येत होता, म्हणून ते घरी राहिले. यारमथमध्ये त्याने पत्र्याचे एक घड्याळ घेतले. किंमत दीड डॉलर, पण काच-चेहरा फुटका म्हणून एक डॉलरला मिळाले. पुढे तर त्याचा मिनिटकाटाही गेला आणि चालेना म्हटल्यावर स्लोकमने ते उकळून चालू केले. मग रेखांश कसा काढायचा? चंद्रावरून. चंद्र ताऱ्यांमधून सरकत असतो, तासाला साधारण आपल्या रुंदीइतका. तो सूर्यापासून किंवा एखाद्या ताऱ्यापासून किती अंशांवर आहे हे मोजून कोष्टकांशी पडताळले की ग्रीनिचची वेळ कळते. आपल्या पंचांगकर्त्यांना ही जात नवी वाटणार नाही. एकदा हिशेब जुळेना, तेव्हा स्लोकमने चूक शोधून काढली ती छापील कोष्टकातली! तिसरी शिकलेला माणूस.

'स्प्रे'चा दुसरा चमत्कार म्हणजे ती आपली आपण चाले. लांब कणा, रुंद अंग आणि शिडांचा तोल असा जमला होता की सुकाणू दोराने बांधून ठेवले तरी ती दिशा सोडीत नसे. बोट वाऱ्याकडे वळू लागली की पुढचे शीड तिला परत आणी, उलट वळली की मागचे. हिंदी महासागरात कीलिंग बेटांपर्यंतच्या २,७०० मैलांत, २३ दिवसांत, त्याने सुकाणू हातात धरले ते एकूण तीन तासही नाही. बाकीचा वेळ वाचन, शिवण, स्वयंपाक. रात्री उडते मासे डेकवर येऊन पडत; सकाळी तेच न्याहारीला. बटाटे, खारवलेला कॉड, बिस्किटे आणि कॉफी. एक छोटी होडी मधोमध कापून त्याने अर्धी बरोबर घेतली होती. ती जीवरक्षक होडीही होती आणि आंघोळीचा व कपडे धुण्याचा टबही. जागा कमी असलेल्या घरात एका वस्तूने दोन कामे करायची असतात, हे चाळीत राहिलेल्या गृहिणीला कोणी शिकवायला नको.

पहिली योजना भूमध्य समुद्रातून सुएझमार्गे जाण्याची होती. जिब्राल्टरला ब्रिटिश नौदलाने त्याचा पाहुणचार केला आणि पुढे चाच्यांचा धोका आहे असे बजावले. त्याने बोट फिरवली आणि अटलांटिक पुन्हा ओलांडून दक्षिण अमेरिका गाठली. गंमत अशी की चाचे तेवढ्यातही मागे लागले. एका मोठ्या लाटेने त्यांची डोलकाठी पाडली म्हणून हा सुटला. त्याआधी अझोर बेटांवर मिळालेले प्लम आणि चीज खाऊन तो तळमळत पडला होता. तापाच्या भरात त्याला दिसले की कोलंबसच्या 'पिंटा' जहाजाचा सुकाणूवाला येऊन आपली बोट चालवतो आहे. शुद्धीवर येऊन पाहतो तर बोट रात्रभर बरोबर मार्गावर चाललेली. त्या अनोळखी पाहुण्याचे आभार त्याने पुस्तकात मोठ्या गांभीर्याने मानले आहेत.

१८९६ च्या आरंभी तो ब्युनोस आयर्सला थांबला. त्याच्या पुस्तकात या शहराविषयी, जुन्या ओळखींविषयी, गमतीजमतींविषयी पाने आहेत. व्हर्जिनियाच्या कबरीविषयी एक अक्षर नाही. बोलका माणूस जेथे गप्प बसतो तेथे वाचकाने थोडे थांबावे.

मॅजेलनच्या सामुद्रधुनीत वादळांनी त्याला दमवले. एकदा पॅसिफिकमध्ये पोचून वाऱ्याने असा मागे ढकलला की केप हॉर्नच्या बाजूने रात्री फेसाळत्या खडकांतून वाट काढावी लागली आणि सामुद्रधुनी पुन्हा पहिल्यापासून पार करावी लागली. तेथल्या आदिवासींच्या होड्यांची भीती होती. बोटीवर तीन माणसे आहेत असे वाटावे म्हणून तो एका दारातून आत जाऊन कपडे बदलून दुसऱ्यातून बाहेर येई आणि नाळेवर बुजगावणे उभारून दोरीने हलवी. सॅम्ब्लिक नावाच्या कप्तानाने दिलेले गालिचाचे खिळे तो रात्री डेकवर टोके वर करून पसरी. अनवाणी आलेल्यांच्या किंकाळ्यांनी त्याला जाग आली, हा प्रसंग तो खुशीत सांगतो. आज वाचताना हसू येते आणि अडखळतेही. कारण ज्यांची ही भूमी होती त्यांना गोरे वसाहतवाले त्याच वर्षांत जनावरांसारखे टिपत होते. त्यांच्या बाजूची गोष्ट लिहायला कोणी नव्हते.

पुढचा प्रवास सुखाचा. हुआन फर्नांडिस बेटावर त्याने लोकांना डोनट तळायला शिकवले आणि तळणासाठी वाटेत सापडलेली चरबी विकली. तेथून ७२ दिवस कोठेही न थांबता सामोआ. तेथे लेखक स्टीव्हन्सन याची विधवा फॅनी हिने त्याचे स्वागत केले. मेलबर्नमध्ये बंदराने कर घेतला, म्हणून त्याने पकडलेला एक मोठा शार्क तिकीट लावून दाखवला आणि कर वसूल केला. ग्रेट बॅरियर रीफच्या आतल्या बाजूने, प्रवाळाच्या खडकांतून, तो ऑस्ट्रेलियाचा सारा ईशान्य किनारा चढून गेला. दक्षिण आफ्रिकेत अध्यक्ष क्रूगर यांची भेट झाली. पृथ्वी सपाट आहे अशी क्रूगर यांची श्रद्धा होती. त्यामुळे पृथ्वीभोवती फिरणारा पाहुणा त्यांना मुळीच रुचला नाही. सेंट हेलेनाला कोणी तरी बकरी भेट दिली. तिने वेस्ट इंडीजचा नकाशा खाऊन टाकला. पुढच्या बेटावर तिची रवानगी झाली.

जमीन मानवली नाही

'सेलिंग अलोन अराउंड द वर्ल्ड' हे त्याचे पुस्तक १९०० मध्ये आले. साधे, मिश्किल, स्वतःची बढाई न मारणारे. ते आजही छापले जाते. त्या पैशातून त्याने १९०२ मध्ये मार्थाज व्हिनयार्ड बेटावर एक शेत घेतले. आयुष्यातले पहिले जमिनीवरचे घर. हेटी तेथे राहिली. तो राहू शकला नाही. हिवाळा आला की 'स्प्रे' घेऊन वेस्ट इंडीजला जायचे, उन्हाळ्यात शंखशिंपले आणि पुस्तके विकत किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडायचे, असा क्रम झाला. बोटही म्हातारी झाली होती आणि तिची निगा पूर्वीसारखी राहत नव्हती.

१९०६ मध्ये न्यू जर्सीतल्या रिव्हर्टन गावी बोट पाहायला आलेल्या बारा वर्षांच्या मुलीशी गैरवर्तन केल्याच्या आरोपावरून त्याला अटक झाली. आधीचा गंभीर आरोप पुढे सौम्य करण्यात आला. स्लोकमने आरोप लढवला नाही. ४२ दिवस तुरुंगात काढल्यावर त्याला गावात पुन्हा न येण्याच्या अटीवर सोडण्यात आले. त्याचे चाहते हा भाग घाईने ओलांडतात. मला ते पटत नाही. समुद्रावर मिळवलेली कीर्ती किनाऱ्यावरच्या वागण्याचा जाब मिटवीत नाही. त्या मुलीचे पुढे काय झाले, हे कोणत्याही नौकानयनाच्या पुस्तकात नसते.

१४ नोव्हेंबर १९०९. पासष्ट वर्षांचा स्लोकम व्हिनयार्ड हेवनहून पुन्हा एकटा निघाला. दक्षिण अमेरिकेत ओरिनोको नदीतून वर जायचे आणि अॅमेझॉनमध्ये उतरायचे असा बेत होता. त्यानंतर तो आणि 'स्प्रे' कोणालाही दिसली नाहीत. रात्री एखाद्या आगबोटीने धडक दिली असेल, किंवा जुनी लाकडे सुटली असतील. १९२४ मध्ये कायद्याने त्याला मृत ठरवले आणि मृत्यूची तारीख लावली ती निघाल्याचीच. हेटीला पंधरा वर्षे कायद्याच्या दृष्टीने ना सवाष्ण ना विधवा असे राहावे लागले.

स्लोकमच्या वाटेवर पुढे अनेकजण गेले आणि त्यातला एक धागा आपल्याकडूनही जातो. १९६८-६९ मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन याने न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्याची 'सुहेली' ही बोट मुंबईत, आपल्या सुतारांनी हाताच्या अवजारांनी, सागवानात बांधलेली. २००९ च्या ऑगस्टमध्ये, स्लोकम नाहीसा झाला त्याला शंभर वर्षे होत असताना, नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे मुंबईहून 'म्हादेई'तून निघाले आणि २०१० च्या मेमध्ये परतले; एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. 'म्हादेई' गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली. २०१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी त्याच बोटीतून ही फेरी न थांबता पुरी केली.

आता उपग्रह जागा सांगतात, यंत्रे सुकाणू धरतात, घरच्यांशी रोज बोलता येते. बोटीवर घर करून राहणारी, हंगामाप्रमाणे किनाऱ्याकिनाऱ्याने फिरणारी कुटुंबेही जगात पुष्कळ आहेत. निघण्यापूर्वी ती स्लोकमचे पुस्तक वाचतात. माझे त्यांना सांगणे इतकेच की त्याबरोबर व्हर्जिनिया आणि हेटी यांच्याविषयी जे थोडे मिळेल तेही वाचावे. एकीने तेरा वर्षे ते घर पाण्यावर चालवले, दुसरीने एका सफरीत ओळखले की हे आपले घर नव्हे, आणि तसे सांगितले. पाण्यावर घर बांधायचे की नाही, हा निर्णय सुकाणू धरणाऱ्या एकट्याचा नसतो. शिडे शिवणाऱ्या हातांनाही तो विचारावा लागतो.